‘लालभाई’ : गिरणगावच्या राजकारणातील एक शब्द आणि त्याची परिणामपरंपरा

शब्दकोशात ‘लाल’ आणि ‘भाई’ हे दोन्ही शब्द निरुपद्रवी आहेत. पहिला फार्सीतून आलेला, रत्नाच्या नावावरून रंगाचे नाव झालेला. दुसरा हिंदी-गुजरातीच्या शेजाराने मुंबईच्या मराठीत स्थिरावलेला आणि कोकणातील घरांतही जिव्हाळ्याच्या वडीलधाऱ्यासाठी वापरला जाणारा. शेतकरी कामगार पक्षात तर ‘भाई’ ही कार्यकर्त्याच्या नावाआधीची आदराची उपाधीच होऊन बसली. या दोन शब्दांच्या समासातून बनलेला ‘लालभाई’ हा शब्द १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या सभांतून व साप्ताहिकांतून गाजू लागला, तेव्हा त्यात आदराचा लवलेशही उरला नव्हता. एखाद्या शब्दाचा अर्थ असा घसरतो तेव्हा त्याची कारणे भाषेत शोधून भागत नाही. ती इतिहासात शोधावी लागतात. मुंबईच्या स्थानिक राजकारणात कम्युनिस्टविरोधी बदनामीचे जे पर्व घडले आणि त्याने गिरणगावाचे जे दूरगामी नुकसान केले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. टीका वेगळी आणि बदनामी वेगळी. १९२८ च्या सार्वत्रिक गिरणी संपात सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला होता. अधिक मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा हाती घेण्यास सवर्ण कामगार तयार नसत. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांनी हा अन्याय आपल्या मागण्यांत का घेऊ नये, हा तो प्रश्न. पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीने का होईना, स्वीकारली. ही टीका होती. तिला विषय होता, पुरावा होता, आणि तिला उत्तर देता येत होते. किंबहुना उत्तर द्यावेच लागले. बदनामीला उत्तर देता येत नाही, कारण ती काहीच विचारीत नाही.

कम्युनिस्टांवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते, हेही येथेच नमूद करणे उचित होईल. १९४२ मध्ये सारा देश ‘चले जाव’च्या आंदोलनात असताना त्यांनी ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतली, १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनानंतर सशस्त्र उठावाचा आततायी मार्ग धरला आणि दोन-तीन वर्षांत तो सोडला, १९५२ च्या निवडणुकीत मुंबईतील त्यांचे वर्तन आंबेडकरांच्या अनुयायांना कधीही विसरता आले नाही. शिवाय प्रतिपक्षाला ‘साम्राज्यशाहीचा बगलबच्चा’ किंवा ‘भांडवलदारांचा दलाल’ म्हणून निकालात काढण्याची सवय त्यांनाही होती. शिक्का मारण्याची कला एकाच पक्षाची मिरास नव्हती. परंतु एका बाजूच्या शिक्क्यामागे सरकार, कायदा आणि पुढे रस्त्यावरचे बळ उभे राहिले. दुसऱ्या बाजूच्या शिक्क्यामागे ते नव्हते. हा फरक लहान नाही.

गिरणी कामगार युनियन १९२८ च्या संपातून जन्माला आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. कामगार तिला तिच्या झेंड्यावरून ‘लाल बावटा’ म्हणत. हे नाव बाहेरून लादलेले नव्हते. ते चाळीतले होते. सरकारच्या दप्तरात मात्र दुसराच शब्द होता : ‘बोल्शेविक’. १९२४ च्या कानपूर खटल्याच्या नावातच तो होता आणि त्यात श्रीपाद अमृत डांगे यांना शिक्षाही झाली होती. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभरातून ३१ जणांना पकडण्यात आले. त्यांत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर हे मुंबईचे पुढारी तर होतेच, पण अर्जुन आळवे व कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले कामगारही होते. खटला मुंबईपासून दूर मीरतला चालविण्यामागे ज्यूरीचा अडथळा टाळण्याचा हेतू होता, हे आता सर्वमान्य आहे. पुढारी गेल्यावर १९२९ चा संप फसला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुले पळविणाऱ्यांच्या अफवेतून पठाणांविरुद्ध जी दंगल उसळली, तिचे खापरही चौकशी समितीने युनियनच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवर फोडले.

असे असूनही या काळात हा शिक्का जनमानसात फारसा रुतला नाही. याचे कारण उघड आहे : तो परकीय सत्तेने मारलेला होता. ज्याला इंग्रज सरकार धोकादायक म्हणते तो मनुष्य निदान भित्रा नसावा, असे सामान्य माणसाचे गणित होते. मीरतच्या आरोपींच्या बचावासाठी काँग्रेसचे नेतेही पुढे आले. दोषारोपाचा अर्थ केवळ शब्दांनी ठरत नाही, उच्चारणारा कोण यानेही ठरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण शिक्का मनात रुतला नाही तरी तो कायद्यात रुतला, आणि या इतिहासातील ही सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. १९३४ च्या कापडगिरणी संपानंतर कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरविण्यात आला. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांच्या समेटासंबंधीचा कायदा करून ‘लेबर ऑफिसर’ हे पद निर्माण केले. कामगाराची तक्रार सरकारी अधिकाऱ्याने ऐकावी, म्हणजे ती लाल बावट्याकडे जाणार नाही, ही त्यामागील धारणा लपून राहिलेली नव्हती. १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने नवा कायदा आणला. त्याने संपाचा मार्ग अधिकच अरुंद केला, म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. दहा वर्षांपूर्वी एकमेकांना कठोर प्रश्न विचारणारे येथे एकत्र आले, ही गोष्ट टीका आणि बदनामी यांतील भेद पुन्हा अधोरेखित करते. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानण्याची पद्धत पक्की केली आणि मुंबईच्या कापडधंद्यात हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. तंटे शिस्तीने मिटावेत हा कायद्याचा उद्देश खोटा होता असे नाही. तथापि कामगाराने आपला प्रतिनिधी निवडावा यापेक्षा त्याने चुकीचा प्रतिनिधी निवडू नये ही चिंता त्याच्या रचनेत अधिक दिसते. मनुष्य आपले भय विसरतो; कायदा विसरत नाही.

स्वातंत्र्यानंतर उच्चारणारे बदलले. ‘देशद्रोही’ हा शब्द आता स्वकीयांच्या तोंडी आला आणि १९४२ च्या आठवणीमुळे त्याला धार चढली. १९४८ नंतर धरपकड झाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही सरकारी बंदीची झळ लागली. तरीसुद्धा ही बदनामी अपरिहार्यपणे यशस्वी होणारच होती, असे समजणे चुकीचे ठरेल. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात समितीला ‘कम्युनिस्टांचे बाहुले’ ठरविण्याचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. पण लोकांनी ते मनावर घेतले नाही. १९५७ मध्ये डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि १९५८ मध्ये मीरतचे एक आरोपी शांताराम मिरजकर मुंबईचे महापौर झाले. ज्या नगरीतून त्यांना बेड्या घालून नेले होते, तिचे प्रथम नागरिकत्व त्यांच्याकडे आले. समान कार्य समोर असते तेव्हा शिक्के गळून पडतात, एवढे तरी या चार वर्षांवरून दिसते.

राज्य मिळाले आणि समान कार्य संपले. १९६२ ची उत्तर मुंबईतील लोकसभा निवडणूक येथे महत्त्वाची आहे. काँग्रेसचे उमेदवार व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे होते आणि मेनन हे ‘छुपे कम्युनिस्ट’ आहेत हा विरोधी प्रचाराचा गाभा होता. मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली. डांगे व त्यांच्या बाजूच्या बहुमताने पक्षाला राष्ट्रीय संरक्षणाच्या बाजूने उभे केले होते, पण ही बारीक नोंद घेण्यास कोणाला सवड नव्हती. १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली, ती ‘बाहेरचे’ म्हणून. ते अपक्ष उभे राहिले. डांगे आणि आचार्य अत्रे त्यांच्या बाजूस, तर १९६६ च्या जूनमध्ये स्थापन झालेली शिवसेना विरोधात. मेनन काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या अकाली निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडूनही हरले.

या दोन पराभवांत एक भाषिक घटना घडली, तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तोवर मुंबईत परकेपणाचे दोन निराळे आरोप चालत : एक विचाराच्या परकेपणाचा, ‘रशियाचा हस्तक’, दुसरा प्रदेशाच्या परकेपणाचा, ‘मद्रासी’ किंवा ‘लुंगीवाला’. मेनन यांच्या व्यक्तीत हे दोन्ही एकत्र आले आणि मग ते एकत्रच राहिले. वस्तुतः गिरणगावचा कम्युनिस्ट हा बहुधा कोकणातून किंवा घाटावरून आलेला, मराठी बोलणारा कामगार होता. डांगे, मिरजकर, रणदिवे ही नावे कोणत्या प्रांताची, हे सांगावयास नको. ‘मराठी माणसा’च्या कैवाराने उभ्या राहिलेल्या चळवळीने मुंबईतील मराठी कामगारांच्या जुन्या संघटनेला परकी ठरविले, आणि हे विसंगत वाटू नये इतका तो शब्दांचा सांधा पक्का बसला होता.

‘लालभाई’ या शब्दाची घडणही या कामी उपयोगी पडली. ‘हस्तक’ हा शब्द षष्ठी मागतो. कोणाचा हस्तक, हे सांगावे लागते, आणि सांगितले की ते खरे की खोटे हे तपासता येते. ‘लालभाई’ला षष्ठीची गरज नाही. शिवाय ‘भाई’ या नामाचे रूप अनेकवचनात बदलत नाही आणि आदरार्थी बहुवचनामुळे एका व्यक्तीसाठीही मराठीत अनेकवचनी क्रियापद येते. ‘लालभाई आले’ या वाक्यात एक माणूस आला की सारा जमाव आला, हे वाक्यावरून कळण्यास मार्ग नाही. ‘लालभाईंना’ या रूपाचेही तेच. चाळीच्या नळासाठी महापालिकेत खेटे घालणारा नगरसेवक आणि मॉस्कोतील पॉलिटब्यूरो एकाच रूपात सामावतात. उपहासातील आदरार्थ आणि समूहवाचकता यांचा असा संकर झाला की त्यातून व्यक्तीला वेगळे काढणे व्याकरणालाही जमत नाही.

व्यक्ती वेगळी काढता येईनाशी झाली की पुढचे पाऊल सोपे होते. १९६७ च्या अखेरीस परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या कचेरीवर हल्ला झाला. सामानाची मोडतोड झाली, कागदपत्रे जाळण्यात आली. १९६८ मध्ये भारतीय कामगार सेना निघाली आणि महापालिकेच्या निवडणुकीत शिवसेनेने ४२ जागा मिळविल्या. प्रजा समाजवादी पक्ष त्या वेळी तिच्या सोबतीस होता, यावरून डाव्या बाजूचा सांधा किती निखळला होता ते दिसते. राज्यातील सत्ताधाऱ्यांनी या साऱ्याकडे कानाडोळा केला, असा समज सर्वत्र होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून लोकांनी ‘वसंतसेना’ हे नाव पाडले, त्यात तो समज नेमका व्यक्त झाला आहे. (मृच्छकटिकाच्या नायिकेचे नाव असे कामी यावे, हा मुंबईकरांच्या विनोदबुद्धीचा नमुना.)

५ जून १९७० च्या रात्री लालबाग भागात कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा भोसकून खून झाला. देसाई हे मुंबई महापालिकेवर अनेक वेळा निवडून आलेले आणि १९६७ मध्ये विधानसभेत गेलेले, गिरणगावातच वाढलेले कार्यकर्ते होते. शिवसेनेशी संबंधित तरुणांवर खटला चालला व त्यांतील काहींना शिक्षा झाल्या. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना अनेक पक्षांचा पाठिंबा होता. त्या १,६७९ मतांनी हरल्या आणि वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. एखाद्या मतदारसंघाने आपल्या प्रतिनिधीच्या खुनानंतर चार महिन्यांत दिलेला हा कौल आहे. त्याचा अर्थ मतदारांनी खुनाला संमती दिली असा करणे अन्यायाचे होईल. त्यांतील अनेकांना रोजगाराची, घराची, मुलांच्या नोकरीची खरी चिंता होती आणि नवी संघटना तिला उत्तर देत असल्याचे त्यांना वाटत होते. पण मरणारा माणूस आपल्यातलाच होता, ही जाणीव ‘लालभाई’ या शब्दाने किती बोथट केली होती, हा प्रश्न उरतोच. मतांचा फरक इतका थोडा होता की त्या बोथटपणाला निर्णायक म्हणता यावे.

या बदनामीने कम्युनिस्ट पक्ष मुंबईतून एका झटक्यात नाहीसा झाला, असे मात्र मानू नये. १९७४ च्या जानेवारीत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे मध्य-दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर उत्तर-मध्य मुंबईतून. म्हणजे मतपेटीवरून मोजू गेल्यास ही हानी हाती लागत नाही. व्यक्तींपुरता तर शिक्का पुसलाही जातो. १९६१ मध्ये रशियाला जाऊन आल्यावर त्या प्रवासाचे पुस्तक लिहिणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे २०२२ मध्ये मॉस्कोत अनावरण झाले, ते महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते, आणि त्या उपमुख्यमंत्र्यांचा पक्ष डावा नव्हता. दिवंगत शाहिराला त्याच्या पक्षापासून सोडवून घेता येते. संघटनेला असे सोडवून घेणारा कोणी नसतो.

हानी कोठे झाली, हे १९८२ मध्ये उघड झाले. १८ जानेवारीपासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांनी नेता निवडला तो डॉ. दत्ता सामंत, ते कम्युनिस्ट नव्हते, काँग्रेसच्याच कामगार संघटनेतून आलेले होते. मजुरीवाढीइतकीच महत्त्वाची मागणी होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता रद्द करण्याची व १९४६ चा कायदा काढून टाकण्याची. ज्या लाल बावट्याच्या भयाने ती तटबंदी बांधली गेली, तो आता तिला धडका देणारी शक्ती राहिला नव्हता. तटबंदी मात्र शाबूत होती, आणि आता तिच्याबाहेर जवळजवळ सारेच कामगार उभे होते. कायद्याने ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्यावर कामगारांचा विश्वास नाही आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी कायद्याने बोलता येत नाही, असा तो पेच होता. संप रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विरून गेला. गिरण्यांच्या दुरवस्थेला जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांची जमिनीवरची नजर अशी अनेक कारणे होती, आणि त्यांतील कोणतेही शब्दांतून निर्माण झालेले नव्हते. परंतु त्या कारणांशी झुंजावयास चाळीचाळीतून जी माणसे, ज्या कमिट्या, जी वाटाघाटीची मुरलेली सवय लागते, ती पंधरा वर्षांपूर्वीच मोडली गेली होती. १९२८ मध्ये सहा महिने टिकलेल्या संपामागे ती उभी राहिली होती.

१९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन झाली तेव्हा प्रश्न मजुरीचा राहिला नव्हता, थकलेल्या देण्यांचा आणि जमिनीचा झाला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीची एक-तृतीयांश वाटणी मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला अशी ठरविली होती. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित करण्यात आली, म्हणजे सार्वजनिक वाटा नाममात्र उरला. बदल झाला त्या वेळी गिरणगावातून त्याविरुद्ध फारसा आवाज उठला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याला रोखले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.